अक्का सांगत नाहीत

हुबळी-धारवाडमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या काळजात काय चाललंय हे आमच्या अक्कांना ठाऊक असे, आणि त्यांच्या तोंडून ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, राहायला धारवाडात, नोकरी हुबळीत एका हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे नर्सची. रुग्णांनी घरी छातीला लावलेल्या पट्ट्यांवरून ठोक्यांचे आकडे त्यांच्या मोबाईलवर येत. बसमध्ये शेजारचा डोकावतो म्हणून तो मोबाईल त्या बाहेर काढत नसत. धोक्याची घंटा वाजली की वाटेत नवनगरला उतरायचं, थांब्यामागे भिंतीकडे तोंड करून आकडे बघायचे, रुग्णाला फोन करायचा आणि मागच्या बसनं धारवाडला यायचं. एका संध्याकाळी त्या अशा तीन बस बदलून घरी पोचल्या. कुणी रुग्णाची चौकशी केली तर एकच उत्तर, "गोत्तिल्ल." माहीत नाही. एक कापडवाले वडिलांचे आकडे मागायला आले. अक्का म्हणाल्या, "अण्णा, अप्पांना घेऊन या. ते हो म्हणाले तर वाचून दाखवते." ते तणतणत अप्पांना घेऊन आले. अप्पा म्हणाले, "नको सांगू." विषय संपला.

मग माझी पाळी आली. जिना चढताना मला धाप लागते हे बघून अक्कांनी माझ्या छातीला पट्टी लावली. ठोके चुकत होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. मी अक्कांना विनवलं, "हिला सांगू नका."

"मी नाही सांगणार, मास्तर. तुम्ही सांगा."

चार दिवस त्या आमच्याकडे जेवल्या. "हे असे गप्प का गं?" असं बायकोनं विचारलं की म्हणायच्या, "त्यांनाच विचार." पाचव्या दिवशी त्यांनी बायकोला माझ्यासमोर बसवलं, स्वतः स्वयंपाकघरात गेल्या आणि आमचं बोलणं कानावर पडू नये म्हणून मिक्सर लावला. माझं सांगून होईपर्यंत चटणीचं पाणी झालं होतं. डोळे पुसून बायको आत गेली. "सख्ख्या बहिणीला सांगितलं नाहीस?"

"बहीण तू माझी," अक्का म्हणाल्या, "पण छाती त्यांची."

शस्त्रक्रिया पार पडली. पुढं अक्का निवृत्त होऊन लेकाकडे अळणावरला गेल्या. माझे आकडे आता एका नव्या मुलीकडे जातात. ती हुशार आहे, लगेच उत्तर देते. परवा अक्कांचा फोन आला. भाजीपाला, नातवाची शाळा, सगळं बोलून झालं. माझ्या तब्येतीचं त्यांनी विचारलं नाही. आता तो आपला अधिकार नाही असं त्यांना वाटत असावं. मग मीच महिन्याचे आकडे एकेक करून वाचून दाखवले. पलीकडून शेवटपर्यंत नुसतं "हं, हं" ऐकू येत राहिलं.