अँप बदलून पाहिजे

किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. पेंड विकली जाते आणि रिकामी पोती दुकानात राहतात, तसंच आमच्या ऑर्केस्ट्राचं झालं. कार्यक्रम संपले, माणसं पांगली, किस्से मागं राहिले. आता ते सांगावे तरी कोणाला? दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हशीची घाई असते. बरं झालं तुम्ही सापडलात!

मी गजानन. गंगाखेडला माझं सरकी पेंडीचं दुकान आहे आणि मी गिटार वाजवतो. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की समोरचा एकदा पेंडीकडं बघतो आणि एकदा माझ्याकडं. ऑर्केस्ट्रात आम्ही चौघं. कीबोर्डवर सलीमभाई, ऑक्टोपॅडवर दत्ता, गायला माधवमामा आणि गिटारला मी. लग्न, हळद, गणपती, शाळेचं गॅदरिंग, बोलावतील तिथं जायचो.

गिटार मी आयुष्यभर एकच ठेवली. अँप मात्र बदलत आलो. अँप म्हणजे ज्या पेटीतून गिटारचा आवाज बाहेर पडतो ती पेटी. एक द्यायचा, दुसरा घ्यायचा. कशासाठी? टोनसाठी! आवाज मोठा असणं वेगळं आणि आवाज आपला वाटणं वेगळं. त्या आपलं वाटण्याला टोन म्हणतात. निदान मी म्हणतो. तालुक्यात दुसरं कोणी म्हणत नाही.

*

पहिला अँप गिटारीबरोबरच आलेला. आकारानं जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. घरात वाजवला की वाटायचं, छप्पर उडेल. मंडपात नेला की डास तरी बरा ऐकू येईल!

पालमला एक लग्न होतं. मी जीव तोडून वाजवायलोय, घाम गळायलाय, आणि समोर नवरदेवाचे वडील हात मागं बांधून माझ्याकडं टक लावून उभे. मला वाटलं, चला, एक तरी दर्दी माणूस भेटला. गाणं संपल्यावर ते सलीमभाईच्या कानाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाकीचे समदे वाजवायलेत. हे पोरगं कवापासून नुसतं खाजवायलंय. काई औषध देऊ का त्याला?"

*

म्हणून तो अँप बदलला. पालमलाच एका मंडपवाल्याकडं भला थोरला अँप पडून होता. त्याला घरच्या पूजेसाठी लहान पाहिजे होता, मला मोठा. जमलं! पण ती पेटी गंगाखेडला आणायची कशी? एसटीनं.

कंडक्टरनं दारातच अडवलं. "हे काय हाय? कूलर?"

"न्हाई ओ, गिटारचा आवाज निघतो ह्याच्यातून."

"मंग आवाजाचं लगेज लागंल."

सलीमभाई बरोबर होते. ते शांतपणे म्हणाले, "काटो मियाँ, पूरा टिकट काटो. हमारे गजू से ज्यादा वजन है इसका, ऑर्केस्ट्रा में भी!"

गाडी गच्च भरलेली. पेटी मधल्या जागेत ठेवली, तर एक म्हातारी सरळ तिच्यावर बसली. मी म्हटलं, "मावशी, ते बसायचं न्हाई." ती म्हणाली, "मंग काय, आंघुळीचं हाय का?" आणि गंगाखेड येईपर्यंत ती उठली नाही. उतरताना तिनं पेटीवर दोनदा थाप मारली आणि विचारलं, "लय चांगलं हाय बाबा. कुठल्या सुतारानं केलं?"

*

आवाज मोठा झाला, पण कोरडा. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मी कुरकुर करायला लागलो तेव्हा दत्ता वैतागला. "तुजं हे टोन टोन काय असतंय रे? वाजतंय की!"

म्हटलं, ऐकूनच दाखवतो. नांदेडहून एका ओळखीच्याचा लाकडी पेटीचा जुना अँप बघायला म्हणून आणला. दोन्ही अँप दुकानात शेजारी शेजारी मांडले. तिघांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि एकच तुकडा आधी एका अँपवर वाजवला, मग दुसऱ्यावर.

"बोला, कोणता चांगला?"

दत्ता म्हणाला, "दुसरा."

सलीमभाई म्हणाले, "पहला."

माधवमामा डोळे मिटून उभे होते. त्यांनी भरपूर वेळ घेतला. मग मान डोलावत म्हणाले, "मधला! मधला लय गोड होता रे."

*

मी लाकडी ठेवून घेतला आणि तो मोठा नांदेडला दिला. लाकडी अँप दुकानातच असायचा. पेंडीच्या वासानं दुकानात उंदीर येतात, ते सांगायला नको. एका सकाळी अँप चालू केला आणि पहिल्याच सुराला मी दचकलो. आवाज जरा घोगरा, जरा फाटका, पण थेट माझा वाटणारा. मागची फळी उघडून बघितलं, तर उंदरानं स्पीकरचा कागद एका बाजूनं कुरतडलेला! हजार खटपटी करून मला जे साधलं नाही, ते त्यानं एका रात्रीत साधलं होतं.

आठ दिवस मी हवेत होतो. गिऱ्हाइकाला पेंड मोजता मोजता मध्येच उठून दोन सूर वाजवून यायचो.

नवव्या दिवशी हिशोबाला म्हणून परभणीला गेलो. दुपारी परत आलो तर दत्ता दुकानात बसलेला. चेहरा नुसता फुललेला. "गज्या, तुज्या पेटीचा स्पीकर फाटला होता. तू बोलला न्हाईस, पण मला दिसतंय ना! नवा बसवून आनला. दोस्त कशाला असतेत?"

मी अँप चालू केला. स्वच्छ, नीट, कोणाचाही असावा तसा आवाज.

"कसा वाटतोय?" दत्तानं विचारलं.

मी त्याला मिठी मारली. दुसरं काय करणार! जुना स्पीकर कुठं टाकलास, हे विचारायचं मात्र धाडस झालं नाही.

*

मग एकेक जण पांगला. कोणाचं भांडण झालं नाही, कोणाचं चुकलं नाही. माधवमामांचा गळा आधी गेला, मग मामा गेले. सलीमभाई मुलाकडं हैदराबादला राहायला गेले. आणि दत्तानं डीजे घेतला. त्यानं तरी काय करावं? लोकांना आता छाती हादरल्याशिवाय लग्न झाल्यासारखं वाटत नाही.

दत्तानं मला सोडलं नाही, एवढं खरं. एकदा म्हणाला, "पार्टीला लाइव्ह माणूस पाहिजे. तू गिटार घेऊन नुसता उभा राहा. आवाज आपण पेनड्राइव्हवरून सोडू."

गेलो. घरी बसून तरी काय करणार होतो? आई गेल्यापासून घरात मी एकटाच. मंगल कार्यालयात, दिव्यांच्या झगमगाटात, गळ्यात गिटार अडकवून मी उभा. वायर गिटारीला जोडलेली, पण तिचं दुसरं टोक कशालाच नाही. बोटं मात्र खरी चालवत होतो. खोटं वाजवताना चुकीचा सूर लागला तर मलाच कसंतरी व्हायचं!

कार्यक्रम संपल्यावर कॉलेजातला एक मुलगा गर्दीतून वाट काढत आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "सर, काय टोन हाय तुमचा!"

इतक्या वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. दत्ता शेजारी वायरी गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

*

लाकडी अँपवर मन बसेना, म्हणून तोही बदलला. आता आला नव्या जमान्याचा अँप. त्याच्या पोटात जगातल्या सगळ्या अँपांचे आवाज. बटण फिरवायचं की हा, फिरवायचं की तो. ड्रम त्यातच, बेस त्यातच. अख्खा ऑर्केस्ट्रा त्याच्यात! दत्ता नको, सलीमभाई नको.

त्याला मोबाइल जोडता येतो. जोडला की आतून एक बाई इंग्रजीत गोड आवाजात सांगते, "कनेक्टेड!" तोडला की सांगते, "डिस्कनेक्टेड." पहिले काही दिवस मौज वाटली. मग एका रविवारी माझ्या लक्षात आलं, की दुकान बंद, रस्ता सामसूम, आणि सकाळपासून माझ्याशी फक्त ही बाई बोलली आहे. मी मोबाइल तोडला आणि परत जोडला. बोलली. परत तोडला.

मग मलाच लाज वाटली आणि सलीमभाईंना फोन लावला. म्हटलं, "नवा अँप ऐकवतो." फोन अँपसमोर ठेवला आणि आमच्या वेळचा एक तुकडा वाजवला. आवाज तुटत होता. मध्ये मध्ये हैदराबादच्या रस्त्यावरचे हॉर्न यायचे.

"ऐकू आलं का, भाई?"

"आरा ना. अच्छा आरा. मगर गजू, ये सबके जैसा बजरा. तेरे जैसा नै बजरा."

मी म्हटलं, "माझ्यासारखा कसा असतो, भाई?"

"वो मैं क्या जानूँ? मगर ये वो नै."

त्याच दिवशी मोबाइलवरच्या देवाणघेवाणीच्या ग्रुपवर टाकलं: गिटारचा अँप बदलून पाहिजे.

*

आता लोक विचारतात, सध्या कोणता अँप? मी सांगतो, सोनपेठचा. तो माझ्या घरी नाही, सोनपेठलाच आहे. मी बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून एसटीनं तिकडं जातो. हे असं का, ते सांगतो.

ग्रुपवर एकच उत्तर आलं. सोनपेठचे कदम सर, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडं व्हॉल्व्हचा अँप होता. जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे ना, तसे दिवे असलेला. असा अँप मी फक्त फोटोत बघितला होता. सरांना त्याच्या बदल्यात मोबाइल जोडता येईल असा पाहिजे होता, बायकोला भजनं ऐकवायला. मी माझा अँप आणि गिटार घेऊन दुपारच्या गाडीनं पोचलो.

अँप बाहेरच्या खोलीत, पलंगाशेजारी होता. वर घडी घातलेली जुनी चादर. सरांनी ती काढली, तर धुळीचा कण नाही.

आतून सरांच्या बाईंनी डोकावून विचारलं, "कोन आलंय?"

"गंगाखेडचे हायत. अँप बघायला आलेत."

"बसा हं. च्या ठिवते," म्हणून त्या आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला आणि तो थांबायच्या आतच त्या परत दारात. "कोन आलंय?"

सरांनी तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात.

मी वायर जोडली, बटण दाबलं. व्हॉल्व्हचे दिवे तापेपर्यंत आवाज येत नाही, थांबावं लागतं. आम्ही दोघं त्या मागच्या तांबूस उजेडाकडं बघत बसलो. सर हळू आवाजात सांगायला लागले.

"पोराचा हाय. प्रवीणचा. दिवसभर ह्याच्यापुढं बसलेला असायचा. आता परदेशात नोकरीला हाय, तिकडंच घर केलंय. सणावाराला फोन येतो. हिला आता कायी ध्यानात ऱ्हात न्हाई. रोज विचारायची, पव्या कुठं गेला? रोज सांगायचो, परदेशात. रोज नव्यानं रडायची. मंग सांगायचं सोडून दिलं. आता म्हणतो, क्लासला गेलाय."

दिवे तापले. सर पलंगावर माझ्यासमोर बसले, हातात चहाचा कप. मी पहिला सूर छेडला.

काय सांगू! तो आवाज खोलीत आला आणि असा पसरला, जणू इथंच राहणारा होता, नुसता बाहेर जाऊन आला होता. तुपासारखा. कडेनं जरासा खरपूस. मी डोळे मिटले. एवढे अँप बदलले, एवढं ओझं वाहिलं, ते ह्याच्यासाठी! मी वाजवत राहिलो, किती वेळ ते कळलं नाही.

तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला. मघाचा नाही. खणखणीत, हक्काचा, जरा रागावलेला.

"पव्या! आवाज कमी कर रे! तुजे बाबा झोपलेत न्हवं का!"

माझी बोटं थबकली. मी सरांकडं बघितलं. ते माझ्यासमोरच बसलेले होते, सरळ, डोळे उघडे.

त्यांनी हातातला कप जमिनीवर ठेवला, अजिबात आवाज न करता. मला हातानंच खूण केली, वाजवा. मग पाय वर घेतले, पलंगावर आडवे झाले आणि खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढून घेतला.

मी आवाज कमी केला.