सगळ्यांचं पाणी येऊन जाईपर्यंत

आमच्या ऑफिसात मी टाइप केलेलं एक वाक्यसुद्धा साहेबांच्या सहीशिवाय बाहेर जायचं नाही. साधं सुट्टीचं परिपत्रक असलं तरी ते आधी आत जायचं, त्यावर लाल पेनाच्या रेघोट्या उमटायच्या, मग ते भिंतीला लागायचं. चूक नसली तरी रेघोट्या असायच्याच. म्हणून तर रविवारचं काम मला एवढं प्यारं होतं. तिथं मी लिहायचे, बटण दाबायचे आणि माझं लिखाण थेट जगापुढं. कुणाच्या बापाची परवानगी लागायची नाही.

ते काम म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करायचा एक फुकट कीबोर्ड. शहरातल्या आम्ही काही जणांनी हौसेनं चालवलेला. मालक कुणीच नाही, आतली सगळी मांडणी उघडी; ज्याला जमेल त्यानं सुधारावी. मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कीबोर्ड चालू कसा करायचा, जोडाक्षर कसं काढायचं, अशी वेबसाइटवरची मदतीची सगळी पानं मी लिहिलेली. रविवारी सकाळी गारखेड्यात, कॉलेजातून रिटायर झालेल्या सरांच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो.

दुष्काळाची सालं होती. जायकवाडीचं धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र बीड बायपासच्या पल्याड नुसतं फुगत चाललेलं. नळ कधी पाचव्या दिवशी यायचे, कधी सातव्या. आज कुणाचा नंबर, ते ज्याच्या त्याच्या गल्लीलाच ठाऊक. नळाच्या दिवशी माणसं पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगायची, तिथं आमच्या मीटिंगची काय कथा!

आमच्यात वाळूजच्या कारखान्यात नोकरी करणारा एक इंजिनिअर होता. मला ताई म्हणायचा आणि ताईचं काही ऐकायचा नाही. त्यानं टूम काढली की वेबसाइट चालवायचं साधनच बदलू. जुनं साधन जड आहे, सारखं अपडेट मागतं. मध्ये एकदा कुणी तरी बाहेरून घुसून त्यात जुगाराच्या जाहिराती लावून गेलं होतं. त्यापेक्षा साध्या मजकुराच्या फायली ठेवायच्या आणि त्यातून हलकी पानं तयार करायची. माझी पानं उचलून त्यानं एक नमुना साइट उभीसुद्धा केली होती.

"आणि मी नवीन लिहिलेलं कसं चढणार?" मी विचारलं.

"तुम्ही फाइल पाठवायची, ताई. आमच्यापैकी कुणी तरी बघून मंजूर केली की चढेल."

मंजूर! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हणजे आता रविवारीसुद्धा साहेब.

मतदान पुढच्या रविवारी ठरलं. त्या दिवशी मी पायात चप्पल घातली आणि गल्लीत आरोळी उठली, "नळ आले!" चप्पल काढली. मोटर लावली, टाकी भरली, ड्रम भरले, हंडे-कळश्या झाल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला. हात पुसून मोबाइल बघते तर सरांचा मेसेज, निर्णय झाला, नवं साधन घ्यायचं. माझ्या बाजूनं बोलणारे सगळे माझ्यासारखेच सिडकोतले. तेही बिचारे ड्रमच भरत होते.

पुढच्या रविवारी मी हॉलमध्ये शिरले ती भांडायच्याच तयारीनं. "सर, ज्याच्याकडं नळ आले त्याचं मत गेलं व्हय? मग महापालिकेलाच विचारा ना, वेबसाइट कशी करायची ते!"

सर ओशाळले. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आत्ता पुन्हा घेऊ."

मी मान वळवून बघितलं. सिडकोवाले झाडून हजर होते. इंजिनिअर नव्हता. त्याची वसाहत नवी, तिथं नळाचा पत्ताच नाही, टँकर यायचा. आणि आज टँकर आला होता. त्याच्या बाजूचे दोघं-तिघंही तिथलेच. नुसता हात वर करायचा अवकाश होता. मला जिंकायचं होतं हो, अगदी मनापासून जिंकायचं होतं! पण आत्ताच एवढं तोंड वाजवलेलं, ते गिळायचं कसं?

"नाय सर," मी म्हणलं, "थांबा. सगळ्यांकडं एकदा पाणी येऊन जाऊ द्या, मग हात मोजा."

शेजारच्या बाईंनी मला जोरात चिमटा काढला. पण पुढं तोच आमचा नियम झाला. कुठलाही निर्णय सगळ्यांचं पाणी येऊन जाईपर्यंत उघडा ठेवायचा.

मधल्या दिवसांत मी भावाला भेटायला पाचोडकडं गेले. आमचं घर मेंढरांमागं हिंडणाऱ्यांचं. त्या साली आबा मेंढरं घेऊन लांब निघून गेले होते आणि भाऊ दोन गाई घेऊन चारा छावणीत राहत होता. मला बघून त्याला कोण आनंद! गाईंपुढं उसाचं वाढं टाकत तो शेजाऱ्याला म्हणाला, "मोबाइलवर मराठी कसं लिवायचं ते माझ्या बहिणीनं सांगितलंय. लई भारी लिवलंय."

"मग दाखीव की."

भावानं माझं पान उघडलं. गोल चकरी फिरायला लागली. फिरतेय, फिरतेय. शेजारी उठून पेंड भिजवायला गेला.

"कधीपासून असं होतंय?" मी विचारलं.

"कायमच व्हतंय. मला वाटलं माझाच मोबाइल भंगार हाय."

"म्हणजे तू वाचलंच नाहीस?"

"नाय. पर समद्यांला सांगतो."

मला रडूच फुटलं. ऑफिसातल्या वाय-फायवर ते पान झटकन उघडायचं, त्यामुळं ते कुठं अडत असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मग त्याच मोबाइलमध्ये मी इंजिनिअरच्या नमुना साइटचा पत्ता टाकला. पान लगेच समोर. तीच वाक्यं, माझीच. आनंद झाला आणि रागही आला. लिखाण माझं, पण उघडलं ते त्या पठ्ठ्याच्या दारात. भावानं शेजाऱ्याला हाक मारून बोलावलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी गाईच्या पाठीवर हात फिरवत ऐकत राहिले.

परतीच्या एसटीत डोक्यात तेच चाललं होतं. साहेबांची सही मला टोचायची, कारण ती वाचणाऱ्यासाठी नव्हती, साहेबांच्या रुबाबासाठी होती. आणि माझं बटण तरी कुणासाठी होतं? भावापर्यंत काही पोचत नसेल तर ते बटण काय चाटायचंय?

तिसऱ्या रविवारी सगळे आले. मी नव्या साधनासाठी हात वर केला. सिडकोवाले माझ्याकडं बघतच राहिले, आणि इंजिनिअरला तर खरंच वाटेना.

"पण माझी अट आहे," मी म्हणलं. "मंजुरी लागणार ना? मग मदतीच्या पानांची मंजुरी माझ्याकडं. माझं लिखाण तुम्ही बघा, तुमचं मी बघणार. तुझंसुद्धा."

"ताई, त्यासाठी कमांड शिकाव्या लागतील."

"मग शिकव."

त्यानं कुरकुरत शिकवलं आणि मी चडफडत शिकले. कित्येकदा वाटलं, मरू दे, आपलं ऑफिस बरं. पण शिकले.

मदतीच्या पानांवर पहिला बदल आला तो त्याचाच. चांगला लांबलचक परिच्छेद, आणि खाली लिहिलेलं, 'ताई, अर्जंट आहे, लगेच मंजूर करा.' मी खुर्चीत साहेबासारखी मागं रेलले. तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली. मी आमच्याच कीबोर्डवर त्याला उत्तर लिहिलं, 'नळ आलेत. पाणी भरून झालं की बघते.'