बिनफोडणीचे शेंगोळे

चहा घ्या आधी, गार होतोय. आता मी सांगतो ते ऐकून तुम्ही हसणार, ठाऊक आहे मला. पण त्या दिवशी मी खरोखर रडलो होतो हो, आणि तेही चारचौघांत!

उस्मानपुऱ्यात आमच्या समोरच्या घरात नाना राहतात. ऐंशीच्या पुढचे, मला चुलत्यासारखे. यंदाच्या थंडीत खोकल्यानं पार खिळखिळे झाले होते. आदल्या संध्याकाळी मला म्हणाले, "लई गारठा हाय रे. हुलग्याचे शेंगोळे कर की. तिखटजाळ रस्सा प्यावा वाटायलाय."

शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या. स्वयंपाकातलं मला तेवढं एकच येतं. "उद्या करतो, नाना," म्हणालो आणि घरी येऊन पांघरुणात शिरलो.

सकाळी खिडकी उघडली. नानांच्या दारापुढं गोवऱ्या पेटवलेल्या. त्यावर मडकं! हर्सूलचे दोघे पुतणे डोक्याला टॉवेल गुंडाळून, माना खाली घालून बसलेले. सूनबाई पदरानं डोळे पुसतेय. दारात रांगोळी नाही.

दारापुढं गोवऱ्या आणि मडकं! आपल्याकडं याचा अर्थ कुणाला विचारावा लागतो का?

माणूस वाटीभर रस्सा मागत गेला, आणि मी त्याला उद्यावर ढकललं.

बायको माहेरी गेलेली, पैठणला. ती असती तर आधी जाऊन बघून आली असती. मी म्हणालो, दुःखाच्या घरी काय विचारायचं? आज त्यांची चूल पेटणार नाही, जेवण शेजाऱ्यानंच न्यायचं. मग नानांनी मागितलं होतं तेच नेऊ. पण आमच्या घरची रीत अशी, की मयताच्या घरी फोडणीचं नेत नाहीत. म्हणून ना लसूण, ना मिरची, ना फोडणी. वळ्या वळताना डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं. चवीला काही असेल तर तेवढंच!

रस्सा उकळेपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, "आपले नाना गेले. भावपूर्ण श्रद्धांजली." खाली धडाधड जोडलेले हात यायला लागले.

पातेलं घेऊन रस्ता ओलांडला, तर मागं सात-आठ शेजारी, खांद्यावर पंचे टाकून. फाटकापाशी माझा बांध फुटला. पातेलं खाली ठेवलं आणि थोरल्या पुतण्याच्या गळ्यात पडलो.

"सोडून गेले रे आपल्याला!"

"कोन वो, काका?"

"नाना! अजून कोण?"

पुतण्या घाबरून घराकडं बघायला लागला. "आत्ता तर आत लसूण सोलायले होते!"

तेवढ्यात घोंगडी पांघरून नाना स्वतःच बाहेर आले. हातात लसणाची वाटी. मला म्हणाले, "तू उद्या म्हनलास. माझ्या वयाला उद्याचा काय भरवसा? म्हनून ह्या पोरांना बोलावलं अन् मडक्यातच शेंगोळे लावले."

"अन् गोवऱ्या ओल्या," सूनबाई म्हणाली, "धुरानं डोळे गेले माझे."

मागं शेजारी एकेक करून पंचे लपवायला लागले. नानांनी माझ्या पातेल्यातला वाटीभर रस्सा घेतला, एक घोट प्यायले.

"फोडनी नाय?"

नानांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या पंच्यांकडं. व्हायचं ते झालं, म्हातारा समजला. आता शिव्या खायच्या, असं धरून मी उभा. तर नाना शेकोटीजवळ बसले. "वाढ."

"राहू द्या नाना, टाकून देतो."

"टाकतो कशाला? आपल्या मयताचं जेवन कोनाच्या नशिबात असतंय?"

ते पचपचीत शेंगोळे त्यांनी दोन वाट्या खाल्ले. खाताना एक हात माझ्या पाठीवर. मला पुन्हा रडू आलं. काय करणार, माणूस समोर बसून जेवत होता!

घरी येऊन आधी फोन घेतला, म्हटलं तो मेसेज तरी पुसून टाकू. उशीर झाला होता. त्याखाली नानांचं उत्तर आलेलं:

"श्रद्धांजली पोचली. फोडणी राहिली."