बपेऱ्याचं विलायती पेरणीयंत्र

बैलांनी ओढायची जुनी पेरणीयंत्रं ओळखणं हे माझं काम. साकोलीत माझं अवजारं दुरुस्तीचं दुकान आहे. कोणाच्या गोठ्यात असं यंत्र निघालं, की ते कुठलं, चालेल का आणि काय मोलाचं, हे सांगायला लोक मला बोलावतात. नागझिऱ्याच्या वाटेवरच्या रिसॉर्टवाल्यांना दारात ठेवायला रंगवलेलं काहीही चालतं. पण मध्य प्रदेशच्या हद्दीत काही कुटुंबं आहेत, त्यांनी ठरवून ट्रॅक्टर सोडला आणि सगळी शेती बैलांवर आणली. त्यांना यंत्रानं पेरायचं असतं. तिथे मला खोटं बोलता येत नाही.

त्यांच्यातले दोघे म्हातारे बपेऱ्याला यंत्र पाहायला येणार होते, त्यांनी मलाही बोलावलं होतं, आणि ते यंत्र निघालं माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरचं. विकणारा तिचा भासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. या माणसाचं आणि माझं लग्नाच्या मांडवापासून पटलं नव्हतं. वऱ्हाडाला पाय धुवायचं पाणी गार दिलं म्हणून तो उठून गेला होता.

मी पोचलो तेव्हा म्हातारे आधीच येऊन बसले होते. त्यांना चहा मिळाला होता. मला कोणी बस म्हणालं नाही. पाण्याच्या निमित्तानं बहीण आडोशाला आली आणि हळूच म्हणाली, "दादा, एवढ्या बारीनं हो म्हणून जा. हे विकलं का मले वेगळी चूल मांडून देतो म्हनते भासरा."

"आधी पाहू तर दे," मी म्हणालो.

"पाहाचं काय हाय त्यात?" ती म्हणाली आणि लोटा हातात देऊन आत गेली.

यंत्र अंगणात मधोमध उभं केलं होतं. लालभडक रंग, वर लोखंडी पट्टी, पट्टीवर इंग्रजी अक्षरं. भासरा म्हाताऱ्यांना सांगत होता की त्याच्या आज्यानं हे थेट विलायतेहून मागवलं, सारं अस्सल आहे. मी खाली बसलो आणि चाकावर हात फिरवला. रंगाखाली ग्राइंडरचे ओरखडे लागले. ही चाकं खाणीतल्या रुळावरच्या गाडीची होती. त्यांना आतून कड असते, ती घासून काढली होती. चिखल्याच्या खाणीकडे असल्या भंगार चाकांचा ढीग मी पाहिला आहे. नावाची पट्टी नव्या स्क्रूंनी बसवलेली होती.

धान्याची पेटी मात्र खरी होती. सागवानाची, जुनी, सांधे अजून घट्ट.

"मूठभर लाखोरीचे दाने आना," मी म्हणालो.

भासऱ्याचा आवाज चढला. "काहून? यंत्र पाहाले आला का जेवाले?"

एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या झोळीतून हरभरा काढला. मी पेटीत टाकला, चाक वर उचलून फिरवलं. एका नळीतून दाणे नीट पडले. दुसरीतून डाळ पडली, आतल्या दात्यांनी दाणे चक्क भरडले होते. तिसरीतून काहीच नाही. म्हाताऱ्यानं फुटलेला दाणा तळहातावर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पेटी अच्छी है," मी म्हणालो. "बाकी जोड़-जाड़ है. इससे मत बोना."

मग अंगणात जे झालं ते सारं लिहिण्यासारखं नाही. भंगारात जन्म गेलेला माणूस आमच्या आज्याची लाज काढते, असं तो ओरडत होता. "पाहुणा म्हणून आला, चोर म्हणून चाल्ला!"

मीही उभा राहिलो. "चोर मी? रंग कोणं मारला? थे चाकं कोणं घासले?"

तो अंगावर धावून आला. म्हातारे मध्ये पडले. बहिणीचा नवरा दारात उभा होता, तो हलला नाही.

म्हाताऱ्यांनी शेवटी फक्त पेटी मागितली, त्यांच्या घरचं एक मोडकं यंत्र या पेटीनं जुळणार होतं. भासऱ्यानं बोल्ट काढूच दिले नाहीत. त्यानं कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं ठोकून पेटी उचकटली आणि त्यांच्या पायाशी आदळली. एक सांधा उकलला. तेवढ्या जुन्या सागवानाची अशी गत पाहून मला त्याच्या नरडीला हात घालावासा वाटला.

निघताना बहीण फाटकापर्यंत आली. मला वाटलं, काही बरं बोलेल.

"तुले सांगतलं होतं ना मी?"

"त्या लोकाइची पेरणी वाया गेली असती. वाफसा एकडाव गेला का परत येते का?"

"अन् माहा जलम वाया गेला तर चालते?" तिनं फाटक लावून घेतलं.

मला अजूनही वाटतं, मी खरं बोललो ते बरोबरच होतं. भासऱ्याची फजिती झाली याचं तर मला सुखच वाटलं, आणि ते मी लपवत नाही. तिला वेगळी चूल त्यानं दिली असती, हेही मला पटत नाही. पण हे तिला कोण सांगणार?

भाऊबीजेला ती आली नाही, म्हणून मीच बपेऱ्याला गेलो. तिनं मला ओवाळलं, खाली पाहून. ताट वाढलं, भाताचा ढीग, वर वरण, बाजूला चटणी. नवरा आतच बसून राहिला. मी काही बोलायला तोंड उघडलं.

"जेवून घे," ती म्हणाली, "अन् साकोलीची शेवटची गाडी चुकवू नोको."