इसाकची खुर्ची

आमच्या बंदरात समुद्राने नेलेल्या माणसाचं नाव वर्षभर मोठ्याने घेत नाहीत. तीनदा हाक मारली तर तो येतो म्हणतात. हसायचं तर हसा. पंचायतीची खोली तीस वर्षं मी झाडली आहे.

तारघरातली अल्फहिल्द पंचायतीवर निवडून आली, पण बदली सभासद म्हणून. बाईला मत देऊन वर खुर्चीही द्यायची, एवढी छाती कुणाची? एखादा सभासद हाकेला ओ देणार नाही, तेव्हाच तिने त्याच्या जागी बसायचं.

त्या जानेवारीत सभासद इसाकची होडी परतली नाही. मागे बायको ऑलिने आणि तीन पोरं. अध्यक्ष क्रोग दुकानदार म्हणाला, पोरं तीन शेतांवर वाटून टाका, कामाला होतील. क्रोग धरून चौघे त्या मताचे, चौघे ऑलिनेच्या बाजूचे. आणि बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत दुहेरी.

सभेला क्रोगने आठ नावं वाचली आणि वही मिटली.

"नववं राहिलं," माझ्याजवळ शेगडीपाशी उभी असलेली अल्फहिल्द म्हणाली.

"ते घ्यायचं नसतं, बाई. हाक नाही, तर गैरहजेरी नाही. तुम्ही आपलं तारघर सांभाळा."

"बरी वेळेवर रीत आठवली. मग मी घेते."

तिने इसाकला तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेनंतर जिन्यावर जड बूट वाजले, प्रत्येक पावलाला आतलं पाणी पचपचत होतं. पावलं दाराशी येऊन थांबली. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही.

"इसाक," ती दाराकडे बघत हळूच म्हणाली, "तुझ्या पोरांसाठी हात वर करायचाय. बसू का मी?"

कुणी बोललं नाही.

"ओ आली नाही. लिहा, गैरहजर."

क्रोगने वही उघडून लिहिलं. पाच विरुद्ध चार. पोरं आईजवळ राहिली.

पुढे अल्फहिल्द सरकारी नोकरीत गेली, गरिबांच्या मदतीचं खातं तिच्याकडे आलं. कचेरी त्याच खोलीत, खुर्चीही तीच, इसाकची. बसायची मात्र काठावर.

"नीट टेकून बसा की. पाठ धरेल," मी एकदा म्हटलं.

"अर्धीच माझी आहे गं."

ती घरी गेल्यावर मी खुर्ची पुसायला घेतली. काठ कोरडा होता, मागची बाजू ओली. बोट जिभेला लावलं, तर खारट.

पुढची अकरा वर्षं मी ती रोज पुसली, कुणाला बोलले नाही. ऑलिनेच्या धाकटीचं लग्न झालं, त्या आठवड्यात फडकं फिरवलं तर खुर्ची पूर्ण कोरडी. मी अल्फहिल्दला सांगितलं. तिने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावरच बसली.