जावयानं गिळलेलं कडं

माझ्या पोटात एक कडं आहे. सोन्याचं नाही, चांदीचंही नाही, सिलिकॉनचं.

वजन एकशे अठ्ठावीस किलो झालं, साखर वाढली आणि ओतूरच्या आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातला प्लास्टिकचा स्टूल माझ्याखाली चारी पाय पसरून आडवा झाला. तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं आणि जठराच्या वरच्या टोकाला हे कडं बसवलं. कड्याच्या वर इवलीशी पिशवी तयार होते. ती चार घासांत भरते, मग अन्न हळूहळू खाली झिरपतं, आणि माणसाला जेवल्याचं समाधान!

सासुरवाडीला, म्हणजे पेठला, मी हे कळवलं नव्हतं. तिथं मी एका बैठकीत अठरा मासवड्या खाणारा जावई. असली इज्जत कुणी आपणहून घालवतं का?

दोन महिन्यांनी मेव्हण्याच्या बाळाचं जावळ निघालं. माझी बायको सुनंदा वाटेतच बजावत होती, "अहो, घास बारीक चावायचा. गडबड करायची न्हाई."

सासूबाईंनी ताटात सहा मासवड्या ठेवल्या. "पावणं, लाजू नका. लई वाळलाय तुमी!"

हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो! त्या आनंदात एक मासवडी दोन घासांत आत सोडली. दुसरी तिच्या मागं गेली. आणि कड्याच्या दारात दोघी अडकल्या.

छाती दाटली. तोंडाला पाणी सुटलं (चवीनं नव्हे). सासरे ओरडले, "आरं, पावण्याला ॲटॅक आला!" लगेच चौघांनी पाठीवर धपाटे सुरू केले.

"मारू नका वो!" सुनंदा किंचाळली. "ॲटॅक न्हाई, त्यांच्या पोटात कडं हाय!"

धपाटे थांबले. नेमकी तेव्हाच मेव्हण्याची बायको घरातून धावत आली. "आत्याबाई, बाळाचं चांदीचं कडं कुठंच सापडंना!"

सगळी पंगत माझ्याकडं बघू लागली.

"गिळलं?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "अवं, एवढी भूक लागली व्हती तर आजून वाढलं असतं की!"

बोलायला आवाज फुटेना. मी जोरजोरात हात हलवले. लोकांना ती कबुली वाटली. सासऱ्यांनी डझनभर केळी मागवली. "केळ्यात गुंडाळून कडं आपसूक भाईर येतंय. खा पावणं!"

पहिलं केळं ओठाला लागलं आणि मी उठलो तो थेट गोठ्यामागं. दोन्ही मासवड्या परत आल्या. जीवात जीव आला. मागं वळून बघतो तर सासरे काठी घेऊन उभे. चांदी शोधायला!

कडं शेवटी बाळाच्या मामाकडं निघालं. जावळ काढताना त्यानं ते स्वतःच्या टोपीत ठेवलं आणि विसरूनच गेला. तीच टोपी घालून हा गडी मला धपाटे घालण्यात सगळ्यांच्या पुढं होता!

मग लपवण्यात अर्थ उरला नाही. मांडवातला एक फुगा घेतला, त्याला वरच्या बाजूला दोरा गुंडाळला आणि सगळ्यांना दाखवलं. "ह्ये पोट, ह्ये कडं. कातडीखाली एक बटण असतंय. डॉक्टर त्यात सुईनं पाणी सोडत्यात, की कडं आवळतं. पाणी काढलं की सैल."

"म्हंजी ठिबकचा व्हॉल्व्हच की!" सासरे खूश. "पर मग घास चावायचा कुनी?"

"मीच."

"कमी खायाचं कुनी?"

"मीच."

"मग डॉक्टरनं केलं काय, राव?"

पंगत खो खो हसली. पण म्हातारा बरोबर बोलला होता. त्या दिवसापासून मी मनापासून चावायला लागलो. दीड वर्षात त्रेचाळीस किलो उतरले, साखर ताळ्यावर आली. परवा सासऱ्यांना घेऊन चावंड किल्ला चढलो. मी पुढं, ते मागं धापा टाकत, "पावणं, थांबा की वाईच!" मला कुणी तरी 'थांबा' म्हणतंय!

माथ्यावर पोचलो, गार वारा अंगावर घेतला आणि विजयानं दोन्ही हात आभाळाकडं उंचावले. त्याच क्षणी माझी पँट घोट्यापर्यंत खाली आली.

डॉक्टरांनी आतून चोख आवळलं होतं. बाहेरून आवळायचं काम तेवढं माझ्यावर सोडलं होतं!