पडद्यावरचं पाणी

आयुष्यात मी लिहिलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांपैकी एकाचीच मला लाज वाटते, आणि नेमकं त्याचंच सगळ्यात जास्त कौतुक झालं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावला इंजिनिअर होऊन धुळ्याजवळच्या एका सरकीच्या तेलाच्या कारखान्यात लागलो होतो. सोनगीरकडे जाताना हायवेला लागूनच तो कारखाना होता. कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. पंप, टाक्या, वाफेचा दाब हे सगळं त्याच्या पडद्यावर रंगीत चित्रांत दिसायचं. पंप चालू असला की हिरवा, बंद असला की लाल. मालकांना त्यातलं एवढंच कळायचं आणि तेवढ्या भांडवलावर ते पाहुण्यांपुढे तासभर बोलायचे.

मग मालक मुंबईला एका प्रदर्शनाला गेले आणि नेटवर्कच्या वायरीवरून फोटो पाठवणारा कॅमेरा घेऊन आले. विकणाऱ्याने त्यांच्या कानात काय फुंकर मारली कोण जाणे. परत आले ते बॉयलरवरच्या नानांना तिथून हलवायचं ठरवूनच.

नाना म्हणजे आमचे बॉयलर अटेंडंट. साठीला टेकलेले, बोलणं अस्सल खानदेशी आणि तेही मोजकं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणारी एक उभी काच असते. काचेत पाणी उतरलं की नाना पंप सुरू करत आणि चढलं की बंद करत. पण नुसतं काचेकडे बघून त्यांचं समाधान व्हायचं नाही. दर तासाला ते खालची तोटी उघडत, काचेतलं पाणी फस्सकन सोडून देत, तोटी बंद करत आणि पाणी परत आपल्या जागी चढतंय का ते बघत. काचेच्या वाटेत गाळ अडकला तर आतलं पाणी संपलं तरी काच भरलेलीच दिसते, म्हणून ही खटपट. मला तेव्हा तो म्हाताऱ्याचा चाळा वाटायचा. पाणी दिसतंय ना डोळ्यांना, मग परत परत काय बघायचं? असा मी शहाणा.

मालकांचा बेत सोपा होता. कॅमेरा त्या काचेसमोर लावायचा, फोटो कंट्रोल रूमच्या पडद्यावर आणायचा, आणि तिथे बसलेल्या ऑपरेटरने पाणी बघून तिथूनच बटण दाबून पंप चालवायचा. नानांना गेटवर बसवायचं. त्यांचं सर्टिफिकेट मात्र फ्रेम करून बॉयलरजवळच्या भिंतीवर राहणार होतं, कारण तपासणीला येणाऱ्या साहेबांना ते लागायचं. माणूस गेटवर आणि कागद बॉयलरवर, ही त्यांची आधुनिकता.

आमच्या सॉफ्टवेअरला कॅमेरा कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. ते फक्त डिस्कवरची चित्राची फाइल दाखवू शकायचं. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. दर पाच सेकंदांनी कॅमेऱ्याकडून फोटो मागायचा, तो त्याच नावाने डिस्कवर ठेवायचा आणि पडद्याला सांगायचं, चित्र पुन्हा वाच. तीन दिवस डोकं खाल्लं तिने. चौथ्या दिवशी पडद्यावर नानांची काच उमटली आणि मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने मी आठवडाभर फुगून फिरत होतो, हे आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

बॉयलरच्या हादऱ्याने कॅमेऱ्याची वायर अधूनमधून सैल व्हायची. मग फोटो यायचा नाही आणि चित्राच्या जागी पांढरा चौकोन आणि त्यात लाल फुली दिसायची. मालकांना ती फुली सहन होईना. "पाहुण्यांसमोर हे दिसता कामा नये," ते म्हणाले. "काहीही कर, पण चौकोन रिकामा दिसू देऊ नकोस."

मी काहीही केलं. स्क्रिप्टमध्ये चार ओळी वाढवल्या. नवा फोटो आला नाही तर जुनाच ठेवायचा आणि कुणाला काही सांगायचं नाही. कोपऱ्यात फोटोची वेळ टाकायला अजून दोन ओळी पुरल्या असत्या. त्या मला सुचल्या होत्या, पण वेळ थांबलेली दिसली तर मालक पुन्हा कटकट करतील म्हणून मी त्या लिहिल्या नाहीत. नोकरी टिकवण्याची अक्कल मला फार लवकर आली होती.

मग पाहुण्यांचा दिवस उजाडला. जळगाव, जामनेरकडचे चार-पाच तेल गिरणीवाले आले. जिलेबी-फाफडा झाला. नाना अजून बॉयलरवरच होते; अकराच्या सुमाराला मालकांनी त्यांनाच वर कंट्रोल रूममध्ये बोलावून घेतलं, कशाला तर अटेंडंट इथे उभा असतानाही बॉयलर चालतो हे दाखवायला. नाना दाराशी उभे राहिले. मालक बोलत होते, पाहुणे माना डोलावत होते, ऑपरेटर पडद्यावरच्या फोटोकडे बघत होता. काच अर्धी भरलेली होती, त्यामुळे त्याने पंपाला हात लावला नाही. पाणी कमी झालं की वाजणारा भोंगाही होता, पण उगाच कोकलतो म्हणून त्याची वायर मालकांनी पूर्वीच काढायला लावली होती.

अर्धा तास होऊन गेला. नाना एकदा म्हणाले, "हाई पानी झाडीसन दखाडा बरं." म्हणजे काचेतलं पाणी सोडून दाखवा. पाहुणे हसले. मालक म्हणाले, "नाना, ते दिवस गेले आता." मीही हसलो.

नाना पडद्याजवळ आले आणि वाकून बघत राहिले. काचेशेजारच्या व्हॉल्व्हच्या चाकावर त्यांचा लाल चौकड्यांचा रुमाल लटकलेला दिसत होता. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरच्या रुमालाला हात लावला.

"मना रुमाल आठे शे," ते म्हणाले. "मंग तठे कोना शे?"

कुणाला काही कळायच्या आत ते जिना उतरले होते. मला कळलं होतं, पडद्यावरचा फोटो नाना वर येण्याआधीचा होता. मी त्यांच्यामागे धावलो. काचेच्या अगदी तळाशी पाण्याची एक रेघ उरली होती. मी असतो तर घाबरून पंप सुरू केला असता, आणि तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडून बॉयलर फुटला असता आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. नानांनी पंपाला हात लावला नाही. त्यांनी कामगारांना ओरडून भट्टीतली आग बाहेर ओढायला लावली, हवेचा पंखा बंद केला, आणि धग उतरेपर्यंत तिथून हलले नाहीत.

पाहुण्यांना मालकांनी सांगितलं की ही सुरक्षेची चाचणी होती. पाहुण्यांनी ते मानलंही, आणि जाताना कॅमेरा कुठे मिळतो ते विचारून घेतलं.

संध्याकाळी मालकांनी मला आणि नानांना समोर उभं केलं. काय झालं, असं विचारलं. मी म्हणालो, "वायर निघाली होती." ते खरंच होतं. कॅमेऱ्याची वायर नानांचा रुमाल असायचा त्याच व्हॉल्व्हवरून गेलेली होती. मालकांना तेवढं पुरलं. वर येताना नानांनी रुमाल ओढला, त्या झटक्याने वायर निघाली, नानांमुळेच बॉयलर जायची वेळ आली, असा निकाल त्यांनी दोन मिनिटांत लावला. ज्याने वाचवला तोच गुन्हेगार, आणि मी खाली मान घालून फरशी बघत होतो. चौकोन रिकामा दिसू नये हा स्वतःचा हुकूम मालक विसरले होते, की विसरल्याचं दाखवत होते, मला माहीत नाही. मी मात्र माझ्या चार ओळी विसरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून नाना गेटवर बसायला लागले. आठवडाभराने ड्यूटी संपवून मी बाहेर पडत होतो, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. ते स्टुलावरून उठून उभे राहिले. माझ्यासारख्यासाठी उठायचं काही कारण नव्हतं.

"भाऊ, तुमी शिकेल शेत म्हनीसन इचारस," ते म्हणाले. "मना धक्कानंच वायर निंघनी का?"

वायर कुणाच्याही धक्क्याने निघो, पडद्याने खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. ते खोटं माझं होतं. एवढं एक वाक्य सांगायचं होतं, आणि आजूबाजूला कुणी नव्हतंही.

"असेल, नाना," मी म्हणालो.

"मंग मनीच चूक शे," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी गेट उघडलं.